ऑपरेशन झालं आणि आई ओळखेनाशी झाली

वाईची_लेक | ११ नोव्हेंबर, रात्री ११:५२

दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवर लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आई ७८ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. गेल्या गुरुवारी सकाळी अंगण धुताना पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वाईहून साताऱ्याला आणलं. शनिवारी कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं, बॉल बदलला. शनिवारी संध्याकाळी आई छान बोलत होती. दादाला म्हणाली, "दूधवाल्याचे या महिन्याचे खाडे मांडून ठेव, तो विसरल्यासारखं करतो."

रविवारी दिवेलागणीपासून बिघडलं. आमच्या घरामागे पिठाची गिरणी होती, बाबांची. २००९ मध्ये विकली. आई आता त्या गिरणीत आहे. मॉनिटर वाजला की ओरडते, "पट्टा सुटलाय, मोटार बंद करा, कुणाचा तरी पदर अडकेल." सलाईनची नळी दोनदा उपटली. काल रात्री सिस्टरांनी तिचे हात बँडेजने खाटेला बांधले. मी सकाळी आले तेव्हा पाहिलं.

आज वहिनीला म्हणाली, "ही माझ्या पाटल्या चोरते आणि पिठात काच घालते." वहिनी घरात येऊन २२ वर्षं झाली. आईचं पथ्यपाणी, औषधं, सगळं तीच बघते. ती काही बोलली नाही, जिन्यात जाऊन बसली.

सकाळी तास-दोन तास आई आपली असते. चहा मागते, माझ्या पोराची परीक्षा विचारते. चारनंतर पुन्हा तेच. डॉक्टर राउंडला म्हणाले, "वयामुळे होतं, भूल उतरायला वेळ लागतो," आणि पुढच्या खाटेकडे गेले. आत्या म्हणते बाहेरची बाधा आहे. चुलतभाऊ म्हणतो अल्झायमर सुरू झाला. पंधरा दिवसांपूर्वी ही बाई पेनाने शब्दकोडं सोडवत होती हो, पेन्सिलने नाही. इतक्यात अल्झायमर होतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

साळुंकी | १२ नोव्हेंबर, रात्री १२:१४

अगं, माझ्या सासऱ्यांचं प्रोस्टेटनंतर हेच झालेलं. वॉर्डबॉय दरोडेखोर वाटायचे त्यांना, उशाखाली चमचा लपवून ठेवायचे, हत्यार म्हणून. पाच दिवसांनी उतरलं. उद्या नीट लिहिते. तू जेवलीस का?

गुंगी | १२ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

मी भूलतज्ज्ञ, ३० वर्षं भूल दिली, आता निवृत्त. तुमची आई मी तपासलेली नाही, तेव्हा हे सगळं तिथल्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नाही.

अल्झायमर असा दोन दिवसांत उभा राहत नाही, तो वर्षानुवर्षं पाझरत येतो. एकाएकी आलेलं, संध्याकाळी चढणारं आणि सकाळी उतरणारं दुखणं म्हणजे डिलिरियम. विषमज्वरात रोगी बडबडायला लागला की जुनी माणसं "वात झाला" म्हणायची, तेच हे. खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या वृद्धांत हे इतकं नेहमीचं आहे की चौथ्या दिवशी आजी शुद्धीत असल्या की आम्ही हुश्श म्हणायचो.

"भूल उतरली नाही" हे मात्र डोक्यातून काढा. कमरेतली भूल काही तासांत उतरते, रविवारी संध्याकाळी ती अंगात नव्हती. उद्या कुणी म्हणेल पूर्ण भूल दिली असती तर असं झालं नसतं, तेही ऐकू नका. खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १,६०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात एक मोठी चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. कमरेतली भूल काय आणि पूर्ण भूल काय, डिलिरियमचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं.

पंचविशीतल्या पोराला सहा दणके एकदम बसले तरी तो झोपून उठतो. अठ्ठ्याहत्तरीत दोन पुरतात. ते दणके कुठले ते शोधायचं. आज राउंडला वाट अडवून उभ्या राहा आणि विचारा.

रक्तातलं सोडियम किती आहे? रक्तदाबाला "पाण्याची गोळी", म्हणजे लघवी वाढवणारी, चालू असेल तर हा प्रश्न पहिला. लघवीची नळी कधी काढणार, लघवीत जंतू आहेत का? छाती साफ आहे का, ऑक्सिजन किती? शौचाला कधी झालं? हसू नका, पाच दिवसांचा मळ भल्याभल्यांना भ्रमिष्ट करतो. वेदनेचं औषध पुरतंय का? इथे दोन्हीकडून मार आहे. दुखणं दाबलं नाही तरी भ्रम होतो, आणि दाबायला ट्रॅमाडॉलसारखं औषध जास्त झालं तरी होतो. रात्री "शांत करायला" काय टोचतात त्याचं नाव लिहून घ्या. फेनरगन किंवा लोराझेपामने म्हातारं माणूस दोन तास झोपतं आणि उठतं ते आणखी भरकटलेलं.

घरी आई रोज काय घ्यायची? प्रत्येक गोळी आठवा. झोपेची आहे का? मिश्री, तपकीर? लाजून लपवलेली एखादी गोष्ट एकाएकी बंद झाली की चौथा दिवस उजाडायच्या आत शरीर हिशोब मागतं.

चष्मा, कवळी, कानाचं यंत्र कुठे आहे? बहुधा पिशवीत गाठ मारून ठेवलं असेल. ते आधी चढवा. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याला आयसीयू म्हणजे गिरणीच.

पडताना डोक्याला मार लागला होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही सांगा. मग सीटी स्कॅन लागेल. आणि तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, फिट आली किंवा हाक मारूनही डोळे उघडले नाहीत, तर राउंडची वाट न बघता त्याच क्षणी सिस्टरना उठवा.

कराडचा_नाना | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

डॉक्टरबाई लाख बोलल्या. आमच्या थोरल्या चुलत्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आन् तिसऱ्या रात्री ते बैल सोडायला निघाले. खाटेवरनं उतरून. नशीब, मी पायथ्याला झोपल्यालो. घरात सगळी म्हणत्यात म्हातारचळ लागला. आठव्या दिवशी म्हातारा मलाच इचारतोय, "तू का रं हितं, ऊसतोड न्हाई का?"

हिरवा_चाफा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

ब्राह्मीचा रस चमचाभर मधातून द्या, मेंदूला उत्तम. आणि तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढा, त्याने नुकसान तर काही नाही.

गुंगी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

दृष्ट खुशाल काढा, मोहऱ्या फक्त आयसीयूच्या बाहेर तडतडवा. पण अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमचा घालू नका. पाणी असो की ब्राह्मी, ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पूर्ण जागी असताना, बसवून, घोट घोट, आणि सिस्टरना विचारून.

नीरा_उजवा_कालवा | १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

वाईच्या लेकीची आई निदान ओरडते तरी. माझे वडील बायपासनंतर ओरडले नाहीत. एकदम गप्प. घास तोंडात धरून बसायचे, डोळे अर्धे मिटलेले. सिस्टर म्हणायच्या, "बाबा किती गुणाचे पेशंट." आम्हीही खूश होतो, विश्रांती घेतायत म्हणून. चौथ्या दिवशी ताप चढला आणि न्यूमोनिया निघाला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की तेही डिलिरियमच होतं, मुकं. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. शांत म्हाताऱ्याकडे कोण बघतो?

गुंगी | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४४

+१. मुका प्रकारच जास्त निसटतो. घरच्यांनी एवढं एकच वाक्य डॉक्टरांना ठामपणे सांगावं: "हे आमचं माणूस नेहमी असं नसतं."

वाईची_लेक | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांना नमस्कार. साळुंकी, जेवले.

आज अडून बसले. तरुण डॉक्टरीण होती, तिनं ऐकून घेतलं. सोडियम १२४ निघालं. पाण्याची गोळी बंद केली. सोडियम हळूहळू वाढवणार आहेत, घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणाली. डोक्याचा सीटी ठीक आहे. पोट पाच दिवस साफ नव्हतं, एनिमा दिला. लघवीची नळी उद्या काढणार. यंत्र आणि चष्मा खरंच पिशवीत होते, पिशवीला गाठ होती!

आणि गोळी. मी आणि दादा छातीठोक सांगत होतो की आई झोपेचं काही घेत नाही. वहिनी मागे उभी होती. म्हणाली, "रोज रात्री अर्धी अल्प्राझोलाम. बाबा गेल्यापासून. दुकानदार ओळखीचा आहे, मीच आणते. ताईंना आणि ह्यांना सांगू नकोस म्हणाल्या होत्या." गुरुवारपासून एकही गोळी नाही. डॉक्टरीणबाईंनी ती छोट्या मात्रेत पुन्हा चालू केली, घरी गेल्यावर महिनाभरात हळूहळू उतरवायची.

ज्या बाईवर काच घातल्याचा आळ आला, तिलाच खरं काय ते ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी आईची चार-पाच मिनिटांची परीक्षा पण घेतली. वय, जन्मतारीख, आपण कुठे आहोत, साल कोणतं, आणि मग वर्षाचे महिने उलटे म्हणा. आई डिसेंबर, नोव्हेंबर म्हणाली, आणि मग "नोव्हेंबरात वार्षिक तपासणी असते, फळा पुसा."

साळुंकी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४१

फळा पुसा :) बाईपणा गेला नाही म्हणजे बाई शाबूत आहेत.

वाईची_लेक | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मला आत्ता हसायलाही येतंय आणि रडायलाही. एक विचारायचंय. ती पट्टा सुटला म्हणते तेव्हा काय बोलायचं? मी दोन दिवस समजावतेय, आई गिरणी विकली, बाबा नाहीत. ती माझ्याकडे अशी बघते जशी मीच खोटारडी.

गुंगी | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वाद घालू नका. बाबा नाहीत हे तर मुळीच सांगू नका, तिला ते प्रत्येक वेळी नव्यानं कळतं. पण गिरणी चालू आहे असंही म्हणू नये. तिला जी भीती वाटतेय, त्या भीतीला उत्तर द्या. "मी इथं आहे, कुणाला काही होणार नाही." मग हळूच, "हा दवाखाना आहे, तुझ्या पायाचं ऑपरेशन झालंय." एकदाच. पटलं नाही तर सोडून द्या.

वाईची_लेक | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

गुंगीताई, माफ करा, मी तुमचं ऐकलं नाही. पहाटे तीनला ती थरथरत होती. मी उठले, मॉनिटरच्या मागे हात घातल्यासारखं केलं आणि म्हणाले, "काढला पट्टा. मोटार बंद." सिस्टरनी आवाज कमी करून दिला. आई म्हणाली, "कुलूप लाव." मी लावलं. ती साडेपाचपर्यंत झोपली. चार रात्रींतली पहिली झोप.

गुंगी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

पुस्तकात नाही बसत. पहाटे तीनला तिथे पुस्तक नव्हतं, तुम्ही होतात.

आडकित्ता | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

हात बांधले त्याबद्दल कुणीच का बोलत नाही? हा सरळसरळ छळ आहे. तक्रार करा, सोडू नका.

शेवग्याची_शेंग | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, मोठ्या शहरात. रात्री सहा खाटांमागे आम्ही दोघी. एक आजोबा व्हेंटिलेटरवर आहेत, आणि दुसऱ्या आजी ताज्या टाक्यांसकट खाटेवरून उतरतायत. सांगा कुठे उभी राहू? बांधलेलं मलाही आवडत नाही. बांधलं की पेशंट जास्त झगडतो, हेही दिसतं. पण नातेवाईकांना आत बसू द्या म्हटलं की वरून नियम, आणि नातेवाईक आत आले की पाच जण येतात, मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावतात. एकच माणूस, गप्प बसणारं, हात धरणारं मिळालं तर आम्हाला बँडेज लागत नाही.

आडकित्ता | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

तुमची बाजू समजली. तरी घरच्यांना न सांगता बांधणं चूकच.

शेवग्याची_शेंग | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

ते मान्य.

एडिसनकर | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

न्यू जर्सीतून. सासरे डोंबिवलीहून आले होते, पित्ताशयाचं ऑपरेशन तातडीनं करावं लागलं. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, अर्थहीन बडबडतायत. मी जाऊन ऐकलं तर ते शुद्ध मराठीत विचारत होते, "गाडी का थांबलीय? दिवा स्टेशन आलं का?" भ्रमात होते हे खरं, पण बडबड अर्थहीन नव्हती. चाळीस वर्षं लोकलने गेलेला माणूस खाटेवर पडून लोकल थांबली म्हणतोय, एवढंच. समोरच्या फळ्यावर तारीख आणि नर्सचं नाव इंग्रजीत होतं. मी खाली देवनागरीत लिहिलं: आज बुधवार. तुम्ही दवाखान्यात आहात. सूनबाई चारला येईल. ते दिवसभर तेच वाचत बसले.

इथे काही रुग्णालयांत यासाठी स्वयंसेवक येतात. येल विद्यापीठात सुरू झालेला कार्यक्रम आहे. औषध काहीच नाही, गप्पा मारायच्या, चालवायचं, पाणी पाजायचं, चष्मा-यंत्र लावून द्यायचं, रात्री गरम दूध आणि पाठीवरून हात. सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर त्यांनी हे करून पाहिलं, १९९९ मध्ये छापून आलं: एरवी १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. आपल्याकडे हेच काम करायला खाटेच्या पायथ्याशी एक नातेवाईक असतो आणि त्यालाच आपण बाहेर काढतो.

रिकामटेकडा_७१ | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

बँकेतून निवृत्त. अवांतर, पण नोव्हेंबर चालू आहे म्हणून लिहितो. आईंचा हयातीचा दाखला राहिला असेल. घाबरू नका, शाखेला लेखी कळवा. आजारी निवृत्तिवेतनधारकाला पैसे काढायला सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. माणूस येऊ शकत नसेल तर अधिकारी जाऊ शकतो.

दुसरं, अशा वेळी कुणीतरी शहाणा नातेवाईक म्हणतोच, "आत्ताच कुलमुखत्यारपत्र करून घ्या." करू नका. भ्रमातल्या माणसाचा अंगठा घेतलेला कागद उद्या कोर्टात टिकत नाही. आणि आधीचं साधं मुखत्यारपत्र असलं तरी देणाऱ्याची बुद्धी गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपतं. पुष्कळांना वाटतं ते नेमकं तेव्हाच कामाला येतं. उलट आहे. आई बऱ्या झाल्या की खातं "दोघांपैकी कुणीही" पद्धतीने जोडनावावर करता येईल का, ते शाखेत विचारा.

वाईची_लेक | १४ नोव्हेंबर, दुपारी २:२५

काका, तुम्हाला कसं कळलं? चुलतभाऊ काल मुद्रांक घेऊनच आला होता. दादाने परत पाठवला.

सोडियम १३१. नळी निघाली. हात परवापासून मोकळे आहेत. रात्री १० ते २ दादा, २ ते ६ मी. आज महिने उलटे जुलैपर्यंत आली.

वाईची_लेक | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आज पूर्ण जानेवारीपर्यंत. वर म्हणाली, "आता सुलटे म्हणू का? पहिलीतली मुलंही म्हणतील." उद्या घरी.

कराडचा_नाना | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

जितंमया!

वाईची_लेक | २ डिसेंबर, रात्री ११:२०

धागा वर काढतेय. सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

आई घरी आहे, वॉकरवर ओट्यापर्यंत जाते. पण ती पूर्वीची नाही. गॅसवर दूध ठेवून विसरते. शब्दकोड्याची पुरवणी उशाशी तशीच. बोलता बोलता शब्द सापडत नाही, मग "ते हे" म्हणते. मराठी शिकवलेली बाई.

परवा तिनं मला विचारलं, "माझे हात कुणी बांधले होते?" मला वाटायचं तिला काही आठवत नसेल. गिरणी आठवते, पट्टा आठवतो, हात आठवतात. पाटल्या आठवत नाहीत. वहिनीला काय बोलली ते अजिबात नाही. वहिनीला ते सगळं आठवतं. ती पूर्वीसारखीच सगळं करते, फक्त आईच्या खोलीत बसत नाही. काम करते आणि बाहेर येते. मी आईला सांगू का? तिनं एकदा सॉरी म्हटलं तर?

साळुंकी | २ डिसेंबर, रात्री ११:४५

नको गं. आईला न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला लावशील, आणि ती त्याच काळजीत पुन्हा झोप घालवेल. सॉरी तू म्हण. तोंडानं नको. आठवडाभर वाईला जाऊन राहा आणि वहिनीला माहेरी पाठव. नुसतं "तू किती करतेस गं" ऐकून आम्हा सुनांचे कान किटलेत.

गुंगी | ३ डिसेंबर, सकाळी ६:००

साळुंकीशी पूर्ण सहमत.

विसरण्याबद्दल. डिलिरियम ओसरल्यावर मागे असा गाळ राहतो. तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खाली बसतो. डिलिरियम झाला नाही त्यांच्यातही हे दिसतं. १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास छापला गेला, साठीपुढचे १,२१८ रुग्ण, मोठी ऑपरेशनं, पण हृदयाची सोडून. आठवड्यानंतर स्मरण आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत सुमारे २६ टक्के मागे पडले होते, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के. म्हणजे बहुतेकांचं भरून येतं. सगळ्यांचं नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या बाबतीत आत आधीपासून हळूहळू चालू असलेलं काहीतरी या दणक्यानं उघडं पडतं.

म्हणून आत्ता कुठलाही शिक्का मारू नका. तीन महिन्यांनी स्मृतितपासणी करा. तोवर बी-१२ आणि थायरॉईड बघून घ्या, शाकाहारी घर असेल तर बी-१२ नक्की. कान तपासा. ती अर्धी गोळी ठरल्याप्रमाणेच उतरवा, एकदम बंद नाही. सकाळी उन्हात खुर्ची, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही, रात्री मोरीपर्यंत दिवा. शब्दकोडं सोडवायला लावू नका, शेजारी बसून तुम्ही सोडवा आणि चुका करा.

आणि एक कबुली. ऑपरेशनच्या आधी सही घेताना आम्ही रक्तस्राव सांगतो, जंतुसंसर्ग सांगतो, हृदय बंद पडू शकतं हेही सांगतो. "दोन दिवसांनी आई तुम्हाला ओळखणार नाही कदाचित, घाबरू नका, आम्हाला बोलवा" हे सांगत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं सांगितलं नाही. दोन मिनिटं लागतात. बाहेर रांग असते.

आडकित्ता | ३ डिसेंबर, सकाळी ९:२०

ही कबुली संमतीच्या फॉर्मवर बाकी मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात छापायला हवी.

दारातली_तुळस | ६ डिसेंबर, दुपारी ३:०५

मीच ती वहिनी. नणंदेने धागा दाखवला, सदस्यत्व घेतलं. पहिल्याच दिवशी भरती करताना मी गोळीचं सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्या मुलानं विचारलं, "बीपीची का?" मी म्हटलं नाही, झोपेची. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंतर मी पुन्हा बोलले नाही, कारण घरच्यांना कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा चूक माझीही.

त्या रात्री मला पाटल्यांचं इतकं लागलं नाही. सासूबाईंच्या पाटल्या माझ्याच कपाटात आहेत, त्यांनीच ठेवायला दिल्या. पिठात काच म्हणाल्या ते लागलं. कारण रोजची पोळी मीच करते. आता पोळी वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. डोक्याला कळतं की आजार होता. हाताला कळायला वेळ लागेल. आठ दिवस माहेरी जातेय, भुईंजला. बस्स.

शेवग्याची_शेंग | ६ डिसेंबर, रात्री ८:४०

वहिनी, "पुन्हा बोलले नाही" हे मनाला लावून घेऊ नका. विचारणं आमचं काम होतं.

कराडचा_नाना | ६ डिसेंबर, रात्री ९:००

भुईंज म्हंजे आमच्या आत्याचं गाव. माउली, आठ न्हाई, पंधरा दिस ऱ्हावा.

वाईची_लेक | २४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

वहिनी नऊ दिवस राहून आली. त्या नऊ दिवसांत मी केलेल्या पोळ्या खाऊन आईनं जे काही मत दिलं ते इथे लिहीत नाही. वहिनी आता दुपारी आईच्या खोलीत बसून शेंगा सोलते. दोघी बोलत नाहीत फारसं. आधीही फारशा बोलत नव्हत्याच.

बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं झाली. अर्धी गोळी पूर्ण सुटली. मागच्या आठवड्यात स्मृतितपासणी झाली. वयाच्या मानाने ठीक, एका भागात थोडं कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. दूध अजून कधीतरी उतू जातं. शब्दकोडं पेन्सिलने सोडवते.

आता प्रश्न. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात करून घ्या. दादा म्हणतो, ऑपरेशन हा शब्दच घरात नको. काय करावं?

गुंगी | २४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

करा. मोतीबिंदूला थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ सुई देऊन बधिर करतात, माणूस जागं असतं, त्याच दिवशी घरी येतं. खुब्याशी त्याची तुलना नाही. उलट नीट दिसायला लागलं की संध्याकाळचे घोटाळे कमी होतात. मागच्या वेळी काय झालं ते एका कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी द्या, आणि शांत करणारं इंजेक्शन शक्यतो टाळा असं सांगा. कानातलं यंत्र काढायला लावतील, तर नाही म्हणा. वहिनीला सोबत न्या, गोळ्यांची यादी तिला पाठ आहे.

वाईची_लेक | २६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गुरुवार नको. गुरुवारी गिरणीला सुट्टी, बुधवारी दळणाची गर्दी असते, मला झोप होत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. मागे वहिनीचं हसू ऐकू आलं. आईचं नाही आलं.

वहिनीला मेसेज केलाय, चेष्टा होती ना म्हणून. उत्तर आलं की लिहिते.